वाचनालयाचं सोशल मीडिया: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईच्या एका उपनगरातल्या वाचनालयात मी देवघेवीला बसतो आणि त्याच वाचनालयाचं व्हॉट्सॲप, फेसबुकही सांभाळतो. इतर वाचनालयांचे ग्रंथपाल, कार्यवाह, कधी नुसतेच उत्साही सभासद मला प्रश्न पाठवत असतात. बरेचसे तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त ‘नमस्कार सर, एक विचारू का’ तेवढं काढलंय.

१. आमचं वाचनालय छोटं, ‘ड’ वर्गातलं. आम्हाला या सगळ्याची गरज आहे का?

सरकारी वर्गवारीत वाचनालय ‘अ’ असो की ‘ड’, वाचक फोनवर पहिलं काय विचारतो? ‘ते पुस्तक आत आहे का?’ नसेल तर तो येत नाही, आणि न विचारता आला नि पुस्तक बाहेर असलं तर पुढच्या वेळी येत नाही. ऑफिसातून सुटून, गर्दीच्या लोकलमधून उतरून, घरी जायच्या आधी वाकडी वाट करून येणारा माणूस आहे हा. डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला चौथा ‘वाचकाचा वेळ वाचवा’. ते साल होतं १९३१. आपल्या हातातला फोन मला त्या नियमाचंच साधन वाटतो. प्रसिद्धी वगैरे नंतर. ‘आत आहे का’ला तासाभरात उत्तर देता आलं तर छोट्या वाचनालयाचं निम्मं काम झालं.

२. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सॲप… सुरुवात कुठून करू?

व्हॉट्सॲप बिझनेसपासून. हे ॲप फुकट आहे आणि लँडलाइन नंबरवरही चालतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. पडताळणीच्या वेळी एसएमएसऐवजी ‘कॉल करा’ निवडायचं. काउंटरवरचा फोन वाजतो, आतली बाई आकडे सांगते, ते टाकायचे. संपलं. वीस-पंचवीस वर्षं सभासदांच्या वहीत असलेलाच नंबर व्हॉट्सॲपवर येतो आणि कुणा एका कर्मचाऱ्याचा खासगी नंबर चव्हाट्यावर येत नाही. त्यात वेळा, पत्ता आणि ‘वाचनालय बंद असताना’ जाणारं ठरावीक उत्तर भरून ठेवा.

दुसरं पाऊल म्हणजे गूगल मॅपवर वाचनालयाची नोंद. ते सोशल मीडियात मोडत नाही, पण नवा माणूस तुम्हाला शोधतो तो तिथेच. तिसरं फेसबुक पेज. इन्स्टाग्राम आणि यूट्यूब हे माणूसबळ असेल तरच. महिनोन्‌महिने ओस पडलेलं पेज पाहून लोकांना वाचनालयच बंद पडलं असं वाटतं, त्यापेक्षा पेज नसलेलं बरं.

३. व्हॉट्सॲपवर ग्रुप काढावा, ब्रॉडकास्ट यादी करावी की चॅनल?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा.

ग्रुपमध्ये १,०२४ माणसं मावतात, पण प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. शिवाय ग्रुप म्हटला की शुभ सकाळ आली, एकादशीच्या शुभेच्छा आल्या, हरवलेल्या कुत्र्याचा फोटो आला. आमच्या पहिल्या ग्रुपवर ‘नवीन पुस्तकं आली’ हा संदेश एका सभासदाच्या नातवाच्या वाढदिवसाखाली असा गाडला गेला की तो कुणी पाहिलाच नाही. ‘फक्त ॲडमिन लिहू शकतील’ असं केलं, तर चार ज्येष्ठ सभासद रागावून बाहेर पडले. ग्रुप चांगला चालतो तो पंधरा-वीस जणांच्या वाचनकट्ट्याचा, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात.

ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि उत्तरं थेट तुमच्याकडे, खासगीत येतात. मला हीच पद्धत आवडते. अडचण एकच, ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच संदेश पोचतो. म्हणून नवा सभासद वर्गणी आणि अनामत भरतो तेव्हाच, पावती फाडण्याआधी, ‘हा नंबर सेव्ह करा आणि आम्हाला नुसतं नाव पाठवा’ असं सांगायचं आणि तो करेपर्यंत पावती हातात ठेवायची. ही युक्ती शंभर पोस्टरांपेक्षा उपयोगी पडली.

चॅनल भारतात २०२३च्या सप्टेंबरात आलं. कितीही लोक जोडले जाऊ शकतात, कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही, पण वाचक उलट लिहू शकत नाही. सूचनांसाठी उत्तम, ‘आत आहे का’साठी निरुपयोगी. सभासद ३००-४००च्या पुढे गेले की सूचनांना चॅनल आणि चौकशीला काउंटरचा नंबर अशी वाटणी करा.

४. फेसबुकवर आम्ही वाचनालयाच्या नावाने साधं खातं काढलंय. चालतंय की. पेज कशाला?

साध्या खात्याला ५,००० मित्रांची मर्यादा आहे आणि संस्थेच्या नावाने वैयक्तिक खातं चालवणं फेसबुकच्या नियमातही बसत नाही. कुणी तक्रार केली तर ते एका दिवसात बंद होऊ शकतं. पेज काढताना नावात परिसर घाला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चं आणि ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. इतक्या जुन्या, नावाजलेल्या संस्थांची नावंही शोधताना शेजारी शेजारी येतात, मग आपण नुसतं ‘सार्वजनिक वाचनालय’ लिहून कुणाला सापडणार? स्टेशन, पूर्व की पश्चिम, जवळची खूण, सगळं लिहा.

५. पासवर्ड कुणाकडे असावा?

आमचं पहिलं पेज एका हुशार कॉलेजकुमाराने काढलं, स्वतःच्या खात्यावरून. त्याला पुण्याला नोकरी लागली, नंबर बदलला, जुनं खातं त्याने बंद केलं. चांगली दीड वर्षाची मेहनत अजून तिथे आहे, पण आत शिरता येत नाही. पोराचा दोष नाही, आम्हीच विचारलं नव्हतं.

आता पेजला दोन ॲडमिन असतात, एक ग्रंथपाल आणि एक कार्यकारिणीतलं कुणी. ईमेल वाचनालयाच्या नावाचा. पदाधिकारी बदलले की कपाटाच्या किल्ल्यांबरोबर हेही हस्तांतरित होतं आणि सभेच्या इतिवृत्तात तशी नोंद होते. इतिवृत्तात पासवर्ड लिहायचा नाही. एकाने लिहिला होता.

६. रोज काय टाकायचं? दोन आठवड्यांत विषय संपतात.

रोज टाकू नका. आठवड्याला दोन-तीन पुरे, पण त्यात पुस्तक असू द्या. सुविचार, सूर्योदय, ‘वाचाल तर वाचाल’ हे सगळीकडे मिळतं, तुमच्या कपाटात काय आहे ते फक्त तुमच्याकडेच मिळतं.

आमच्याकडे सगळ्यात जास्त उत्तरं येतात ती एका अगदी साध्या फोटोला. नवीन आलेली दहा-बारा पुस्तकं टेबलावर उभी लावायची, कणे पुढे, खिडकीच्या उजेडात फोटो काढायचा आणि खाली नावं टाइप करायची. दाखल क्रमांक पडून, शिक्का बसून झाल्यावरच फोटो काढा, नाहीतर लोक त्याच संध्याकाळी मागायला येतात आणि पुस्तक अजून नोंदणीच्या टेबलावर असतं. कुणी राखून ठेवलं की त्याच पोस्टखाली ‘हे गेलं’ लिहायचं. ‘हे गेलं’ वाचून उरलेल्या पुस्तकांची मागणी वाढते, हा माणसाचा स्वभाव आहे.

मग दिवाळी अंक. मराठीत ही परंपरा १९०९ पासूनची आणि वाचनालयांच्या वर्षातला हा खरा हंगाम. वेगळी वर्गणी भरून अंक योजनेत आलेले सभासद रोज विचारतात, ‘आज कोणते आले?’ त्या महिनाभर आम्ही दुपारी चारला एकच संदेश पाठवतो: आज आलेले अंक, प्रत्येकाच्या किती प्रती आणि कोणते अजून यायचेत. फोन निम्म्यावर आले.

दिनविशेष मोजकेच घ्या. २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन. १२ ऑगस्टला, रंगनाथनांच्या जन्मदिनी, ग्रंथपाल दिन असतो. त्या दिवशी काउंटरवरच्या माणसाचा फोटो टाका, वर्षभर त्यांना कुणी विचारत नाही.

७. सुट्टीची किंवा पावसामुळे बंदची सूचना कशी लिहावी?

पूर्ण तारीख, वार आणि वेळ घालून. ‘आज’ आणि ‘उद्या’ हे दोन शब्द आमच्याकडे बंद आहेत. एका जुलैत पाणी भरलं म्हणून मी घाईत लिहिलं, ‘उद्या वाचनालय बंद राहील.’ तो संदेश सभासदांनी सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकला, तिथून तो फिरत राहिला आणि पुढचे तीन आठवडे रोज कुणीतरी फोन करून विचारायचं, उद्या बंद ना? दोन जण तर वाचनालय कायमचं बंद झालं समजून अनामत मागायला आले. सूचनेत वाचनालयाचं नाव आणि परिसरही लिहा, पुढे पाठवल्यावर मूळ कुणाचं ते कळत नाही. पावसाच्या दिवशी परतीची तारीख पुढे ढकलली असेल तर त्याच संदेशात सांगा, अर्ध्या लोकांना काळजी दंडाचीच असते.

८. आम्ही कॉम्प्युटरवर मराठी टाइप करतो, फेसबुकवर चिकटवलं की अगम्य अक्षरं येतात.

तुमचा फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे, श्रीलिपी किंवा तशातला. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-कॉम्प्युटरवर सारख्याच वाचता येणाऱ्या अक्षरांत, टाइप करा. फोनवर गूगलच्या कीबोर्डवर बोलूनही मराठी लिहिता येतं, नंतर ऱ्हस्व-दीर्घ तपासा, आपण वाचनालय आहोत. आणि सूचनेचं नुसतं रंगीत चित्र टाकू नका. चित्रातली अक्षरं शोधात सापडत नाहीत आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन ती नीट वाचून दाखवेल याचा भरवसा नसतो. चित्र टाकलंत तरी खाली मजकूर हवाच.

९. लोक रोमन लिपीत मराठी लिहितात, काही हिंदीत. उत्तर कुठल्या भाषेत द्यावं?

मराठी विचारणाऱ्याला देवनागरीत, हिंदीला हिंदीत. मुंबई आहे. कुणालाही ‘आधी नीट मराठीत लिहा’ म्हणू नका.

१०. इन्स्टाग्रामवर तरुण मुलं खरंच वाचनालयात येतात का?

थोडी येतात. आमच्याकडे आली ती रीळ पाहून कमी, अभ्यासिकेच्या जागेचा फोटो पाहून जास्त. वन रूम किचनमध्ये पाच जण राहतात तिथल्या मुलाला शांत टेबल आणि पंखा ही मोठी बातमी असते. रिकामं टेबल, वेळा, महिन्याचं शुल्क एवढं दाखवा. पोस्टखालच्या मजकुरात दिलेली लिंक तिथे दाबता येत नाही, म्हणून फॉर्मची लिंक खात्याच्या परिचयात ठेवा.

११. सभासदांचे फोटो टाकू का? मुलांच्या उन्हाळी शिबिराचे?

मोठ्यांचे विचारून. मुलांचे पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाही. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, ती शिबिराच्या प्रवेश अर्जावरच एका ओळीत घ्या. संमती असली तरी नाव, शाळा आणि चेहरा एकत्र टाकू नका. पाठमोरी, पुस्तकात डोकं घातलेली मुलं फोटोत जास्त छान दिसतात.

कोण काय वाचतंय हे मात्र संमतीनेही जपून. आम्ही एकदा ‘आज घरी चाललेली पुस्तकं’ म्हणून काउंटरवरच्या ढिगाचा फोटो टाकला. वरच्या पुस्तकातून कार्ड बाहेर आलं होतं, त्यावर एका बाईंचं नाव, आणि पुस्तक होतं घटस्फोटाच्या कायद्यावरचं. त्यांच्या नणंदेने तो फोटो पाहिला. दहा मिनिटांत काढून टाकला, पण त्या बाई परत वाचनालयात आल्या नाहीत. आता फोटो पाठवण्याआधी बोटांनी मोठा करून चारही कोपरे बघायचे असा आमचा नियम आहे.

१२. थकीत पुस्तकांची नावानिशी यादी ग्रुपवर टाकली की लोक लाजेने आणून देतात. टाकू ना?

नाही. कारण वर ११ मध्ये आहे. एकेकट्याला संदेश पाठवा आणि त्यातही पुस्तकाचं नाव न घालता ‘आपल्याकडे २ पुस्तकं आहेत, परतीची तारीख अमुक होती’ एवढंच. तो फोन घरात कोण बघतं ते आपल्याला ठाऊक नसतं.

१३. मुखपृष्ठ, उतारे, कविता टाकल्या तर कॉपीराइटचा प्रश्न येतो का?

आपल्याकडच्या पुस्तकाची ओळख करून देताना मुखपृष्ठाचा फोटो टाकायला सहसा कुणी हरकत घेत नाही. परीक्षणासाठी छोटा उतारा उद्धृत करायला १९५७च्या कायद्यात जागा आहे. अख्खी कविता, अख्खी कथा, पाठोपाठ पानांचे फोटो मात्र नाहीत. कथा वाचून तिचा व्हिडिओ टाकायचा तर लेखकाची किंवा वारसांची परवानगी लागते. एक पत्र लिहिलं की बरेच लेखक आनंदाने देतात, असा आमचा अनुभव आहे.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, मोजणी पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून खुलं. पु. ल. २०००मध्ये गेले, त्यांचे हक्क २०६० संपेपर्यंत. ‘जुनं आहे, सगळ्यांना पाठ आहे’ हा निकष नाही.

१४. आणि जुनं पुस्तक खुलं असेल, पण आमच्याकडे नवी आवृत्ती असेल तर?

मूळ मजकूर खुला, पण नवी प्रस्तावना, टिपा, मुखपृष्ठ यांचे हक्क वेगळे असू शकतात. अनुवादाचंही तसंच. मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वीचा असेल, अनुवादक हयात असेल.

१५. आमच्याकडची दुर्मिळ, मोडकळीला आलेली पुस्तकं स्कॅन करून फेसबुकवर टाकली तर?

दोन गोष्टी वेगळ्या करा. आपल्याकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवायला विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला कायदा मुभा देतो. ती प्रत सगळ्यांसाठी खुली करणं हे हक्क संपलेल्या पुस्तकापुरतंच (मोजणी १३ मध्ये). शक्य तिथे स्कॅन कायमच्या संग्रहात ठेवा, फेसबुकवर फक्त एखादं पान आणि लिंक. फेसबुकवर टाकलेली गोष्ट सहा महिन्यांनी तुम्हालाही सापडत नाही.

१६. ग्रुपवर सभासद दिवाळी अंकांच्या पीडीएफ टाकतात. ॲडमिनवर केस होते का?

सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिन जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये म्हटलं. ते प्रकरण पीडीएफचं नव्हतं, तेव्हा त्यावर निर्धास्त राहू नका. ॲडमिनला कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी काढून टाकता येतो, लगेच काढा आणि त्या सभासदाला खासगीत सांगा. अंक विकत घेऊन सभासदांना देणारं वाचनालयच फुकट पीडीएफ वाटू लागलं, तर पुढच्या वर्षी अंक काढणार कोण?

१७. व्याख्यानमाला यूट्यूबवर थेट दाखवायची आहे. काय लागतं?

वक्त्याची लेखी परवानगी, आधीच. मोबाइलवरून थेट दाखवायला चॅनलचे किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा सुविधा सुरू व्हायला २४ तासांपर्यंत वेळ जाऊ शकतो, त्यामुळे आदल्या आठवड्यात चाचणी घ्या. पैसे खर्च करायचे तर कॅमेऱ्यावर नको, कॉलरच्या माइकवर करा. पंख्यांच्या घरघरीत वक्ता ऐकूच येत नसेल तर चित्र कितीही सुबक असो. मध्यंतरात सिनेमातलं गाणं लावू नका, हक्कदाराचा दावा आपोआप येतो.

१८. फेसबुकला पैसे देऊन पोस्ट जास्त लोकांना दाखवावी का?

सभासद नोंदणीच्या महिन्यात, थोडी. परिसर अगदी जवळचा निवडा. आम्ही पहिल्यांदा ‘मुंबई’ निवडलं, लाइक आले बोरिवलीपासून कुलाब्यापर्यंत, सभासद एकही नाही. पुस्तक बदलायला कुणी दोन गाड्या बदलून येत नाही. पावती डाउनलोड करून ठेवा, हिशेब तपासनीस विचारतो.

१९. पेजवर कुणी वाईटसाईट लिहिलं तर?

तक्रार खरी असेल तर एकदा, सगळ्यांसमोर, नीट उत्तर द्या: काय झालं, काय करतोय. ‘रविवारी बंद का ठेवता?’ ही शिवी नाही, मागणी आहे. शिवीगाळ, जातीधर्मावरचं काही असेल तर न बोलता काढा. राजकीय वाद रंगला तर आम्ही ‘या विषयावरची आमच्याकडची पुस्तकं’ अशी यादी टाकतो, दोन्ही बाजूंची. वाद सहसा थांबतो, कारण कुणाला वाचायचं नसतं.

२०. कार्यकारिणी म्हणते, फोनवर वेळ घालवता. उपयोग होतो हे कसं दाखवू?

लाइक दाखवू नका, वही दाखवा. मागणी नोंदवहीत ‘व्हॉट्सॲप’ असा एक रकाना आखा: तारीख, पुस्तक, मिळालं की नाही. नवीन सभासदाच्या अर्जावर ‘वाचनालयाची माहिती कुठून मिळाली?’ विचारा. वर्षअखेरीस जे मागितलं गेलं आणि आपल्याकडे नव्हतं त्याची यादी खरेदी समितीपुढे ठेवा. आमच्याकडे विरोध करणारे काका ती यादी पाहून गप्प झाले, कारण त्यात त्यांनीच मागितलेली तीन पुस्तकं होती.

२१. आमचे निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे. ते यात कुठे?

फलक काढू नका आणि फोन उचलणं थांबवू नका. जे चॅनलवर जातं ते त्याच दिवशी खडूने फलकावर लिहायचं. मुलाचा किंवा सुनेचा नंबर दिला असेल तर संदेशाच्या बाबतीत १२ पाहा.

२२. व्हॉट्सॲपवर ‘तुम्हाला चुकून आलेला सहा आकडी कोड पाठवा’ असा संदेश आला, आमच्याच सभासदाच्या नंबरवरून. पाठवू?

अजिबात नाही. त्यांचं खातं कुणी बळकावलंय आणि आता तुमच्यावर डोळा आहे. त्यांना साधा फोन करा, स्वतःच्या खात्याला दुहेरी पडताळणीचा पिन लावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

२३. एक सभासद वारले. त्यांच्या नंबरवर आमचे संदेश जात राहिले, घरच्यांना वाईट वाटलं. काय करायला हवं होतं?

हे आमच्याकडेही घडलं. एका काकांनी राखून ठेवायला सांगितलेलं पुस्तक दोन महिन्यांनी परत आलं, ‘आपलं पुस्तक आलं आहे, तीन दिवसांत न्यावे’ हा ठरलेला संदेश गेला. फोन त्यांच्या मुलाकडे होता.

आता बातमी कळली की त्याच दिवशी नंबर सगळ्या याद्यांतून काढतो आणि राखीव पुस्तकांच्या वहीत नाव खोडतो. परतीची आठवण किमान महिनाभर पाठवत नाही, मग फोन करतो, संदेश नाही. दंड घेत नाही. पेजवर श्रद्धांजली घरच्यांनी सांगितल्याशिवाय टाकत नाही आणि टाकलीच तर ते काय वाचायचे हे लिहायच्या आधी विचारतो. कुणी पुस्तकं परत घेऊन आलं, तर अनामत वारसाला परत देण्याचा अर्ज तिथेच भरून घेतो, पुन्हा चकरा मारायला लावत नाही.